मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा सहा महिन्यांचा वर्ग : दीड वर्षाच्या नोकरीनंतर लिहिलेला अभिप्राय

पुण्यातील एका खासगी संस्थेत मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतले आणि गेले दीड वर्ष मी याच कामाच्या नोकरीत आहे. वर्ग संपला त्याच दिवशी संस्थेने अभिप्रायाचा कागद पुढे ठेवला होता आणि मी पाचपैकी पाच तारे देऊन त्यावर सही केली होती. ते तारे खोटे नव्हते, पण घाईचे होते, कारण शिकलेल्यापैकी काय उपयोगी पडणार आणि काय शिकवायचे राहून गेले हे त्या दिवशी मला कळणे शक्यच नव्हते. आज ते कळते, म्हणून तोच अभिप्राय पुन्हा, सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी लिहिल्या आहेत त्या इतर वर्गांत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांच्याही आहेत, आणि एकाच संस्थेला त्यासाठी वेगळे काढणे न्यायाचे होणार नाही.

ज्यांना हे काम नेमके ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील डॉक्टर रुग्णाला तपासल्यावर किंवा शस्त्रक्रिया आटोपल्यावर आपले निष्कर्ष बोलून ठेवतात. ते बोलणे, म्हणजे डिक्टेशन, ऐकून त्याचा नीटनेटका रिपोर्ट तयार करायचा, हे ट्रान्सक्रिप्शन. रुग्णाचा पूर्वेतिहास व तपासणी, दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला, शस्त्रक्रियेचा वृत्तान्त आणि घरी सोडतानाचा सारांश हे रिपोर्टचे चार मुख्य प्रकार. १९९० च्या दशकात हे काम भारतात येऊ लागले, कारण इंग्रजी जाणणारी सुशिक्षित मुले-मुली येथे होती आणि तिथली रात्र म्हणजे आपला दिवस. संध्याकाळी डॉक्टरांनी बोलून ठेवलेला रिपोर्ट सकाळी त्यांच्या टेबलावर तयार असे. कामाची मोजणी ओळींवर होते आणि ही ओळ कागदावरची नव्हे, तर मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची मानलेली ओळ असते.

मी कराडची, बी.एस्सी. प्राणिशास्त्रात. मुलगी झाल्यावर सहा वर्षे घरी होते. घराबाहेर पडायचे तर आपल्या विषयाशी नाते असलेले काम हवे, एवढाच विचार करून मी या वर्गाकडे वळले. फी २८,००० रुपये होती आणि ती दोन हप्त्यांत घेतली गेली. आमच्या तुकडीत सोळा जण होतो, त्यांत बी.फार्म. झालेले दोघे, एक होमिओपॅथी डॉक्टर, एक निवृत्त स्टेनोग्राफर आणि बाकी बहुतेक माझ्यासारख्या विज्ञानाच्या पदवीधर. खोली लहान असली तरी प्रत्येकाला स्वतंत्र संगणक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि फूट पेडल मिळत होते, ही गोष्ट मी संस्थेच्या जमेच्या बाजूला सर्वांत आधी लिहीन. शिवणयंत्राच्या पायट्यासारखे हे पेडल पायाखाली असते. मधला भाग दाबला की आवाज सुरू होतो, एका कडेला दाबले की मागे जातो, दुसऱ्या कडेला पुढे. पाय उचलून पुन्हा दाबला की आवाज एक-दोन सेकंद आधीपासून सुरू होतो, त्यामुळे तुटलेला शब्द पुन्हा पूर्ण ऐकू येतो. पहिले आठ दिवस हात चालू लागला की पाय थांबायचा आणि पाय चालला की हात. ज्या वर्गात पेडल नाही आणि आवाज माऊसनेच मागे-पुढे करायला सांगतात, तेथे शिकलेल्या माझ्या एका सहकारी मुलीला नोकरीतला पहिला महिना केवळ पायाची सवय करण्यात घालवावा लागला.

पहिले दोन महिने शरीररचना, वैद्यकीय संज्ञा आणि औषधशास्त्र यांचे. शिकवणाऱ्या मॅडम आधी परिचारिका होत्या आणि नंतर चौदा वर्षे एका कंपनीत क्यूए, म्हणजे इतरांच्या फाईली तपासून दुरुस्त करणाऱ्या. संज्ञा शिकवण्याची त्यांची पद्धत मला आजही अतिशय मोलाची वाटते. शाळेत समासाचा विग्रह करायला शिकलो, तसा त्या प्रत्येक संज्ञेचा विग्रह करायला लावत. 'कोलेसिस्टेक्टॉमी' म्हणजे 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी आणि 'एक्टॉमी' कापून काढणे. म्हणून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. 'नेफ्रोलिथियासिस' म्हणजे मूत्रपिंडातील खडे. शेवटचे पद बदलले की अर्थ कसा पालटतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी फळ्यावर मोठ्या आतड्याचे एकच चित्र तीनदा काढले होते : 'कोलोटॉमी'मध्ये आतडे नुसते चिरलेले, 'कोलोस्टॉमी'मध्ये त्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर उघडलेले आणि 'कोलेक्टॉमी'मध्ये त्याचा तुकडाच काढलेला. हे तीन शब्द कानाला एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की घाईत बोलणाऱ्या डॉक्टरच्या तोंडी ते वेगळे ऐकू येतीलच याची खात्री नसते. पण ज्याच्या डोळ्यांसमोर ती तीन चित्रे आहेत, त्याला पुढच्या वाक्यात पोटावर लावलेल्या पिशवीचा उल्लेख आला की मागचा शब्द कोणता हे आपोआप उमगते. घोकंपट्टीने हे साधत नाही. आमच्या तुकडीतील ज्यांनी यादी पाठ केली ते चाचणीत उत्तीर्ण झाले आणि फाईलीत अडकले, हे मी पाहिले आहे.

आपल्याकडे शिकलेल्यांना एक वेगळीच अडचण येते आणि तिच्यासाठी संस्थेने पूर्ण आठवडा दिला, हे विशेष सांगण्यासारखे आहे. आपले वैद्यकीय इंग्रजी ब्रिटिश वळणाचे. हिमोग्लोबिन, ॲनिमिया, इसोफॅगस या शब्दांच्या स्पेलिंगमधील जे जोडस्वर आपण शाळेपासून लिहीत आलो, त्यांतील एक अक्षर अमेरिकेत गळून जाते. औषधांचे तर नावच बदलते. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन, दम्याचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन तेथे एपिनेफ्रिन, पेथिडिन तेथे मेपेरिडिन आणि मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड तेथे ग्लायब्युराइड. आमच्यातील फार्मसीच्या मुलांना सुरुवातीला याचाच सर्वाधिक त्रास झाला, कारण त्यांचे ज्ञान पक्के होते आणि पक्के असलेलेच आधी सोडवून पुन्हा बांधायचे होते. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर, ताप फॅरनहाइटमध्ये, वजन पाउंडात, अशा लहानसहान गोष्टींचीही वही मॅडमनी करून घेतली. ती माझ्या कामाच्या टेबलावर आजही असते.

खरे प्रशिक्षण सुरू झाले ते तिसऱ्या महिन्यात, प्रत्यक्ष फाईली ऐकायला मिळाल्यावर. माझी पहिली फाईल चार मिनिटे वीस सेकंदांची होती. बहात्तर वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखते म्हणून दाखल झालेले, हृदयरोगतज्ज्ञांचे डिक्टेशन. ती पुरी करायला मला तीन तास लागले. डॉक्टर काहीतरी खात बोलत असावेत, मागे कोणाचा तरी फोन वाजत होता. अमेरिकन उच्चारात 'ट्वेंटी'चा 'ट्वेनी' होतो, 'वॉटर'मधला ट जवळजवळ ड होतो, हे शिकवले होते; पण शिकवलेले कानात उतरायला वेळ लागतो. मी फाईल जमा केली आणि दुसऱ्या दिवशी ती लाल खुणांनी भरून परत आली. शंभरपैकी ८१. आमच्याकडे उत्तीर्णतेची रेषा ९८ होती.

मॅडमनी मला शेजारी बसवले, दोघींनी एकाच आवाजाला दोन हेडफोन लावले आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. मी मेटोप्रोलॉल १५ मिलिग्रॅम असे लिहिले होते.

"अगं, मेटोप्रोलॉलची पंधराची गोळी तू कुठे पाहिलीस?"

"मॅडम, मला फिफ्टीनच ऐकू आलं."

"कान फसतो. औषधांचं पुस्तक काढ बघू. पंचवीस आहे, पन्नास आहे, शंभर आहे. पंधरा आहे का?"

नव्हती. मी लगेच १५ खोडून ५० लिहायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. पुस्तकात पंधरा नाही, एवढ्यावरून डॉक्टर पन्नासच म्हणाले असे ठरत नाही. आधी पुन्हा ऐक, फाईलीत पुढे औषधांची यादी आली असेल तर तिच्याशी ताडून पाहा, आणि तरीही खात्री झाली नाही तर जागा कोरी ठेव, शेजारी मिनिट-सेकंद लिही आणि पुढे जा, असे त्यांनी सांगितले. फाईलीच्या शेवटी, घरी न्यायच्या औषधांच्या यादीत, डॉक्टरांनी तोच आकडा सावकाश उच्चारला होता. तो पन्नासच होता. तेव्हा कुठे त्यांनी मला तो लिहू दिला.

या व्यवसायातल्या भाषेत अशा कोऱ्या जागेला ब्लँक म्हणतात. नवशिक्याला ब्लँक ठेवणे कमीपणाचे वाटते आणि तो अंदाजाने काहीतरी भरतो. ते भरलेले वाचायला सुसंगत असते, म्हणून तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. संस्थेच्या गुणपद्धतीत प्रामाणिक ब्लँकला अर्धा गुण जाई आणि चुकीच्या अंदाजाला, तो औषधाचा किंवा डावे-उजवे यांचा असेल तर, पाच गुण. या एका नियमाने सोळा जणांच्या सवयी बदलल्या. वर्गाची पारख करायची तर मी हीच गोष्ट पहिल्यांदा पाहीन : तेथे न कळलेला शब्द कोरा ठेवायला शिकवतात की नाही, आणि तुमची फाईल तुमच्या शेजारी बसून कोणी दुरुस्त करतो की नाही. आम्हाला चार महिन्यांत प्रत्येकी सुमारे तीनशे फाईली मिळाल्या आणि त्यांतील निदान शंभर तरी मॅडमनी समोर बसवून दुरुस्त केल्या. संगणकावर उत्तरपत्रिका दाखवून 'तुमचे तुम्ही ताडून पाहा' असे सांगणाऱ्या वर्गाला ही किंमत नाही, मग त्याची फी निम्मी का असेना.

समोरासमोर बसून दुरुस्ती का लागते, याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला होणारा त्रास आणि 'डिस्फेझिया' म्हणजे बोलण्यात, भाषेत येणारा दोष. दोन शब्दांत फरक एका व्यंजनाचा. पुस्तकात लिहिलेले असते की संदर्भावरून ओळखा. पण पक्षाघाताच्या रुग्णाला हे दोन्ही त्रास होऊ शकतात आणि दोन्हींसाठी त्याला एकाच वाचोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात, त्यामुळे नुसता संदर्भ येथे कामाचा नाही. अशा वेळी पुढे काय लिहून दिले आहे ते शोधायचे असते : घट्ट केलेले द्रव पदार्थ द्या, तोंडाने काही देऊ नका, गिळण्याची क्ष-किरण तपासणी करा, असे काही आले तर पहिला शब्द, वस्तूंची नावे सांगता येत नाहीत, वाक्य जुळत नाही, असे आले तर दुसरा. 'इलियम'चे तर उच्चारही एकच. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचे हाड. येथे मात्र फाईल पोटाच्या शस्त्रक्रियेची की हाडांची, यावरून बहुतेक वेळा निभावते. कोणत्या जोडीला संदर्भ पुरतो आणि कोणत्या जोडीला पुरत नाही, हे शहाणपण मला कोणत्याही छापील यादीत सापडलेले नाही. ते ज्याने हजारो फाईली तपासल्या आहेत त्याच्याकडूनच मिळते.

लिहिण्याच्या नियमांबाबतही संस्था काटेकोर होती. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये धोकादायक संक्षेपांची यादी प्रसिद्ध केली. इन्शुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' ऐवजी नुसता 'यू' लिहिला तर तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० वाचले जातात. म्हणून शब्द पूर्ण लिहायचा. पूर्णांकामागे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहायचे नाही, कारण १.० मिलिग्रॅमचा ठिपका नजरेआड झाला की १० उरतात, आणि अर्ध्या मिलिग्रॅमला ठिपक्याआधीचे शून्य विसरायचे नाही, कारण त्याच्यावाचून .५ चे ५ होतात. मॅडम हे नियम सांगताना आवाज चढवत नसत. पण परिचारिका असताना औषध हातात घेऊन कागद वाचणारी व्यक्ती त्या स्वतः होत्या, हे त्यांच्या सांगण्यातून जाणवे, आणि त्यामुळे आम्हाला ते नियम व्याकरणाचे न वाटता रुग्णाचे वाटत.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार अशी की, मी ज्या कामासाठी तयार झाले ते काम नोकरीत निम्मेसुद्धा उरलेले नव्हते. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर रुग्णालयांनी संगणकीय नोंदींची पद्धत झपाट्याने स्वीकारली आणि अनेक डॉक्टर स्वतःच रकाने भरू लागले. बोलणे ओळखून टंकलेखन करणारी यंत्रणाही सुधारत गेली. या क्षेत्रातील न्यूआन्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली आणि आता डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषण ऐकून टिपण तयार करणारी साधनेही वापरात आली आहेत. अमेरिकेतील या व्यवसायाची संघटना १९७८ मध्ये ट्रान्सक्रिप्शनच्या नावाने स्थापन झाली होती, तिने २००७ मध्ये नाव बदलून 'असोसिएशन फॉर हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटिग्रिटी' असे घेतले. वाऱ्याची दिशा तेव्हाच स्पष्ट होती. त्या देशाच्या कामगार सांख्यिकी खात्याचा अंदाजही या नोकऱ्या कमी होत जातील असाच आहे. यांतील एकही गोष्ट प्रवेश घेताना आम्हाला सांगण्यात आली नाही.

आज माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फाईलींचा मसुदा यंत्राने आधीच लिहिलेला असतो आणि आवाज ऐकत तो दुरुस्त करणे हे माझे काम असते. आमच्याकडे याला एडिटिंग म्हणतात आणि त्याचा ओळीमागचा दर टायपिंगच्या जवळजवळ निम्मा आहे. काम सोपे झाले असे वरवर वाटते. माझा अनुभव तसा नाही. टाइप करताना कान सांगेल तेच हात लिहितो, पण दुरुस्त करताना डोळ्यांसमोर आधीच एक सुबक वाक्य असते आणि कान त्या वाक्याच्या मागे जाऊ लागतो. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मसुद्यात एक वाक्य होते : रुग्णाला 'आता' प्राणवायू चालू आहे. मी ऐकले आणि मलाही तसेच ऐकू आले. डॉक्टर 'नॉट' म्हणाले होते, म्हणजे प्राणवायू चालू नाही. शेवटचा ट त्यांनी गिळला होता आणि यंत्राने त्याचा 'नाऊ' केला होता. दोन परिच्छेद पुढे, साध्या हवेत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९६ टक्के असल्याचा उल्लेख आला, म्हणून मी मागे वळले. तो उल्लेख नसता तर चूक माझ्या सहीने पुढे गेली असती. ही नजर तयार करायला महिने लागतात आणि आमच्या सहा महिन्यांत एडिटिंगला मिळाले होते शेवटचे दोन आठवडे, तेही जुन्या मसुद्यांवर. टायपिंगचा पाया कच्चा ठेवून एडिटिंग शिकवावे असे मी म्हणत नाही. कान आधी स्वतः लिहायला शिकला नाही तर तो यंत्राची चूक पकडूच शकत नाही. पण चौथ्या महिन्यापासून दोन्ही शेजारी शेजारी चालायला हवे होते.

दुसरी तक्रार रुग्णांच्या खासगीपणाविषयी आहे आणि ती मला अधिक लागते. अमेरिकेत १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने, ज्याला या कामातील सर्वजण 'हिपा' म्हणतात, रुग्णाची माहिती उघड करण्यावर कडक बंधने घातली. सरावासाठी एखादी फाईल वापरायची तर नाव, जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी क्रमांक धरून ओळख पटवणारे अठरा प्रकारचे तपशील काढून टाकणे ही त्यातील एक मान्य रीत आहे. आमच्या सरावाच्या बहुतेक आवाजांतून नावे पुसलेली होती, पण माझ्या वाट्याला आलेल्या दोन फाईलींत रुग्णाचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्पष्ट ऐकू येत होती. मी ते सांगितल्यावर "जुन्या फाईली आहेत, दुर्लक्ष कर," असे कार्यालयातून उत्तर आले. मॅडमनी मात्र त्याच दिवशी त्या दोन्ही फाईली संगणकांवरून काढायला लावल्या. ज्या कामात पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, त्या कामाच्या वर्गात असे उत्तर मिळता कामा नये.

तिसरी तक्रार जाहिरातीची. जिन्यात '१०० टक्के नोकरी' असा फलक होता आणि माहितीपत्रकात 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र'. प्रमाणपत्र मिळाले ते संस्थेचे स्वतःचे. ते दाखवायला मला आजवर कोणी सांगितलेले नाही, कारण मी ज्या तीन कंपन्यांत गेले त्या तिन्ही कंपन्यांनी आपापली चाचणी घेतली : दोन-तीन डिक्टेशने ऐकून लिहायची, थोडे व्याकरण, थोड्या संज्ञा. सोळांपैकी सहा महिन्यांत ट्रान्सक्रिप्शनमध्ये नोकरी लागली ती नऊ जणांना. संस्थेने मुलाखती मिळवून दिल्या, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे श्रेय मी देते; पण मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे. आमच्यातील एकीने कर्ज काढून फी भरली होती, त्या फलकावर विश्वास ठेवून. तिला वर्षभर काम मिळाले नाही.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण याविषयी सर्वत्र गुळमुळीत बोलले जाते. माझा पहिला पगार १३,००० रुपये होता आणि ओळींचे उद्दिष्ट पुरे केल्यावर वर थोडा प्रोत्साहन भत्ता. सुरुवातीला एक मिनिट आवाजाला मला दहा मिनिटे लागत, आता साडेतीन ते चार लागतात, त्यामुळे हाती येणारी रक्कमही वाढली आहे. नेहमीच्या फाईलीला २४ तासांची मुदत असते, तातडीची फाईल दोन-चार तासांत द्यावी लागते, म्हणून सणावारीही पाळी चुकत नाही. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी कानाला हेडफोन लावूनच होते. मान आणि मनगट यांची काळजी घेण्याविषयी वर्गात एक तासही झाला नाही, तो व्हायला हवा.

मग हा वर्ग करावा का? माझे मत असे आहे की, ज्यांना शरीरशास्त्राची मनापासून आवड आहे, इंग्रजी वाचनाची सवय आहे आणि एका शब्दासाठी दहा वेळा मागे जाण्याचा कंटाळा नाही, त्यांनी तो जरूर करावा, पण केवळ ट्रान्सक्रिप्शनची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. संज्ञा, औषधे आणि रिपोर्ट वाचण्याची जी बैठक येथे मिळते ती मेडिकल कोडिंगला, म्हणजे रिपोर्टमधील रोग व उपचारांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देण्याच्या कामाला, डॉक्टरांचे संभाषण ऐकून नोंदी करणाऱ्या स्क्राइबच्या कामाला आणि विम्याचे दावे तपासण्याच्या कामालाही उपयोगी पडते. आमच्या तुकडीतील फार्मसीचे दोघेही आज कोडिंगमध्ये आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले कमावतात. रोगाचे नाव ऐकले की त्याचा विग्रह करण्याची सवय तेथेही कामी येते असे ते सांगतात. ज्यांना फक्त घरबसल्या टायपिंगचे काम हवे आहे, त्यांनी मात्र एवढी फी भरू नये. नव्या माणसाला घरून काम देणारी कंपनी मला भेटलेली नाही. मला स्वतःला ती सवलत चौदा महिन्यांनी मिळाली.

प्रवेश घेण्यापूर्वी एखादा संपूर्ण तास मागे बसून पाहू द्यावा, अशी मागणी करावी. या संस्थेने मला तो पाहू दिला होता. सोबत मागच्या तुकडीतील एखादी दुरुस्त केलेली फाईल, नाव झाकून, दाखवायला सांगावी आणि तिच्यावर दुरुस्तीच्या खुणा कोणाच्या हाताच्या आहेत, किती आहेत, प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहिले आहे की नाही, हे पाहावे. एडिटिंगला किती आठवडे आहेत तेही आकड्यात विचारावे.

गेल्या जानेवारीत मी संस्थेत जाऊन या सर्व गोष्टी मॅडमना आणि संचालकांना समक्ष सांगितल्या. मॅडमनी वही काढून एकेक मुद्दा लिहून घेतला. त्यानंतरच्या तुकडीपासून एडिटिंगचे दोन आठवड्यांचे सहा आठवडे झाले आहेत आणि सरावाचे सगळे आवाज पुन्हा ऐकून त्यांतील नावे पुसण्याचे काम पूर्ण झाले आहे. त्यांपैकी चाळीस आवाज मी स्वतः तपासले. जिन्यातला फलक अद्याप बदललेला नाही. तो काढावा आणि त्याच्या जागी मागील तीन तुकड्यांतील किती जणांना कोणत्या कामात नोकरी लागली तो आकडा लावावा, अशी लेखी विनंती मी दिली आहे. शनिवारी दुपारी मॅडम जुन्या विद्यार्थ्यांच्याही अडलेल्या जागा ऐकून देतात. त्यासाठी फी नाही, आपला हेडफोन आपण न्यावा लागतो.